बिनदाराचा पियानो

वाद्यांतलं मला सगळं कळतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तुमच्या माहितीसाठी सांगतो. आमच्या शिंगणापूरच्या भजनी मंडळात मी सहा वर्षं पेटी वाजवली आणि त्या सहा वर्षांत एकदाही कोणी ती माझ्या हातातून काढून घेतली नाही. दुसऱ्या कोणाला ती वाजवता येत नव्हती, हे कारण गौण आहे.

दुसरं म्हणजे वादात मला कोणी हरवू शकत नाही. अकरावीला असताना मी गणिताच्या मास्तरांना पटवून दिलं होतं की शून्य हीसुद्धा एक संख्या आहे, तेव्हा मला गुण मिळालेच नाहीत असं म्हणता यायचं नाही. मास्तर दोन मिनिटं विचारात पडले. मग म्हणाले, "गोरक्ष, तुझं बरोबर आहे." आणि शून्य तसंच ठेवलं. पण वाद मी जिंकला होता!

त्यामुळे एकाहत्तर साली जेव्हा 'गिटार घ्यावी की पियानो?' असा प्रश्न आमच्या घरात आला, तेव्हा सगळ्या घराने माझ्याकडे पाहिलं. सगळं घर म्हणजे दादा, आई आणि म्हैस. म्हैस नंतर दुसरीकडे बघायला लागली. तिला पुढचं दिसलं असावं.

आता शेतकऱ्याच्या घरात असला प्रश्न येतोच कसा, हे सांगायला हवं.

आमचे दादा, म्हणजे वडील, सहादू, सव्वीस वर्षं नगरच्या छावणीत साहेबलोकांच्या मेसमध्ये बेअरर, म्हणजे वाढपी, होते. पांढरा कोट, पितळी बटणं, खांद्यावर फडकं. महिन्यातून दोनदा घरी यायचे आणि आईने भाकरी वाढली की सवयीने तिलाच "थँक्यू मेमसाब" म्हणायचे. आई म्हणायची, "आधी कालवन घ्या."

त्या मेसमध्ये एक जुना पियानो होता. उभा, काळा, पंच्याऐंशी पट्ट्यांचा. तो रोज सकाळी सात वाजता पिवळ्या फडक्याने पुसायचा, हे दादांचं काम. अट एकच: आवाज होता कामा नये. साहेबलोक झोपलेले असायचे. सव्वीस वर्षं दादांनी त्या पंच्याऐंशी पट्ट्या एकही सूर न निघू देता पुसल्या. जगात इतक्या वर्षांचा इतका शांत रियाज कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

आणि ह्यातूनच दादा एक धून शिकले! कशी, ते ऐका. कोणी एक जुन्या मेमसाहेब दर शनिवारी संध्याकाळी जेवण झालं की तीच एक धून वाजवायच्या. दादा ती भटारखान्यातून ऐकायचे. रविवारी सकाळी पुसायला गेलं की पट्ट्यांवर बोटं उमटलेली असायची. कटलेट खाल्लेली बोटं. पहिल्या पट्टीवर तूप जास्त, दुसरीवर जरा कमी, असं करत करत शेवटची पट्टी कोरडी. त्या तुपाच्या उतरत्या क्रमावरून दादांनी अकरा वर्षांत ती अख्खी धून बसवली. डोक्यातल्या डोक्यात. मेमसाहेब विलायतेला गेल्या, धून दादांकडे राहिली.

दादा निवृत्त व्हायच्या आठवड्यात मेसमध्ये नवा रेडिओग्राम आला, रेडिओ आणि तबकडी एकाच कपाटात. जागा हवी म्हणून जुना पियानो आणि जुनी गिटार काढायचं ठरलं. मेजरसाहेब भला माणूस. म्हणाले, "सहादू, दोनों में से एक तुम ले जाओ. और मैं अगले शनिवार दर्शन को आऊँगा, तब तुम्हारे घर बैठकर सुनूँगा."

साहेब सहज बोलले असतील. पण दादांनी सव्वीस वर्षांत साहेबाचं कुठलंच बोलणं सहज घेतलेलं नव्हतं. त्यांनी तो हुकूम मानला.

"गोरक्षा," ते मला म्हणाले, "मला फकस्त येकडाव ती धून खरी वाजलेली ऐकायचीय. माझ्या हातानं. साहेबाच्या म्होरं. मग काय न्हाई."

"त्यातलं हलकं कोनतं?" आईने विचारलं.

"गिटार."

"मग तीच आना. आपल्याकडं जागा कुठं हाय?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग मी नगरला गेलो आणि दोन्ही वाद्यांची शास्त्रशुद्ध तुलना केली.

गिटारीला सहा तारा. पियानोला मी दोनशेपर्यंत मोजल्या, मग मान अवघडली. गिटार मुलासारखी कडेवर घेऊन वाजवायची. पियानोपुढे मात्र त्याच्या दारी काम असल्यासारखं बसावं लागतं. गिटार वाजवणारा लोकांकडे तोंड करतो, पियानो वाजवणारा पाठ करतो, म्हणजे चुकलं तर चेहरा दिसत नाही. हा मुद्दा पियानोच्या बाजूने. गिटार एकटा चोर काखेत मारून नेऊ शकतो, पियानोला आठ चोर लागतात आणि त्यांच्यात एकी लागते. पण आमच्या गावात चोरीच होत नाही, तेव्हा हा मुद्दा बाद. आणि शेवटचं: गिटारीवर तुपाचं बोट उमटत नाही.

"पियानो!" मी निकाल दिला.

दादांनी खिशातून पिवळं फडकं काढलं आणि डोळे पुसले.

घोडेगावच्या बाजाराला निघालेल्या एका ट्रकमध्ये दोन म्हशी होत्या, त्यांच्या मध्ये पियानो बसवला. खड्डा आला की पियानो वाजायचा, पियानो वाजला की म्हशी ओरडायच्या, म्हशी ओरडल्या की ड्रायव्हर मागे बघायचा आणि पुढचा खड्डा चुकायचा नाही. घोडेगावपासून बैलगाडी केली. गाव आलं तेव्हा निम्मं गाव वेशीत उभं होतं, आणि उरलेलं निम्मं आमच्या घरात.

आमच्या गावात घरांना दारं नसतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. चौकट असते, दार नसतं. कुलूप तर नाहीच नाही. राखण शनिदेवाची. कुत्री येऊ नयेत म्हणून लोक रात्री आडवी फळी लावतात, तेवढंच. त्यामुळे आठ जणांनी पियानो उचलला तो थेट आत! असं म्हणतात की मोठमोठ्या बंगल्यांत पियानो न्यायचा तर आधी दारं काढावी लागतात. आमच्याकडे ती पूर्वजांनीच लावली नव्हती.

मंगळवार होता. शनिवारला चार दिवस. दादांनी हात धुतले. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेली एक पितळी किल्ली काढली. पियानोच्या झाकणाला घातली आणि फिरवली.

कट्!

एवढाच आवाज. पण सगळं घर गार पडलं. शेजारच्या बनुबाईंच्या हातातली तपकीर खाली सांडली.

"सहादू भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "ते... कुलूप हाय?"

दादांचा हात तसाच राहिला. सव्वीस वर्षं ते कुलूप त्यांनी रोज उघडलं होतं, रोज लावलं होतं. पण ते नगरला! इथे ते कुलूप आहे हे त्यांच्याही ध्यानात आत्ताच आलं.

पुंजारामबाबांना बोलावणं गेलं. बाबांचं वय ऐंशी, चष्मा बाटलीच्या बुडासारखा, आणि असल्या गोष्टीत शब्द शेवटचा. ते आले, बसले, पियानोभोवती एक चक्कर मारली. वाकून कुलूप बघितलं.

"सहादू, तेवढं कुलूप काढून टाक. झालं."

"व्हय बाबा," दादा म्हणाले. "आजच काढतो."

"मग च्या ठेव गं मालन."

वाचकहो, इथे ही गोष्ट संपली होती. आई चहा ठेवायला उठलीसुद्धा होती. एक कुलूप, चार स्क्रू, आणि सगळे सुखात. पण मला ते कुलूप काढवेना. मेसचं पितळी कुलूप ते! साहेब विचारतील, कुठे गेलं? आणि शिवाय, मी तिथे बसलेला असताना वाद न होता निकाल लागावा, हे मला बरं दिसेना.

"बाबा," मी म्हणालो, "कुलूप वाईट ते दाराचं. ह्याला दार कुठं हाय? हे झाकन हाय. डब्याला झाकन आसतंच की!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "डब्याचं झाकन उचलून बाजूला ठिवता येतं. हे जाग्याव फिरतंय. ह्याला बिजागरी हाय."

"मग?"

"बिजागरी आली की दार आलं."

लोक माना हलवू लागले. मला वाटलं, हरतोय की काय! मग माझी नजर बाबांच्या नाकावर गेली, आणि आयुष्यातला सगळ्यांत चमकदार मुद्दा मला सुचला.

"मग बाबा, तुमच्या चष्म्याला बी बिजागरी हाय!"

बनुबाईंनी तोंडावर पदर घेतला. मी छाती पुढे काढून उभा. जिंकलो होतो.

बाबांनी सावकाश चष्मा काढला. एक काडी मिटली, उघडली. दुसरी मिटली, उघडली. कानाशी नेऊन तिचा आवाज ऐकला.

"खरं हाय, लेका," ते म्हणाले. "नऊ वरसं झाली. नऊ वरसं मी नाकाव दोन दारं घिऊन देवाम्होरं जातोय. कुनी सांगितलं न्हाई मला."

"बाबा, मी तसं नव्हतो म्हनत..."

"न्हाई, तू बराबर बोलला. शिकल्याचा उपेग झाला." त्यांनी भिमाजी सुताराला हाक मारली. "भिमाजी, हे दोन स्क्रू काढ."

भिमाजीने चष्म्याच्या दोन्ही काड्या काढल्या. बाबांनी बनुबाईंकडून सुताचा दोरा घेतला, दोन्ही बाजूंना गाठ मारली आणि चष्मा डोक्यामागे बांधला. तो जरा तिरपा बसला. मग त्या तिरप्या चष्म्यातून त्यांनी माझ्याऐवजी माझ्या शेजारच्या खांबाकडे बघत अत्यंत गंभीरपणे म्हटलं, "माझं झालं. आता तुजं."

चहा कोणी प्यालं नाही.

बुधवारी सकाळी भिमाजी पेटारा घेऊन आला. भिमाजी हा फार प्रामाणिक सुतार. पंचक्रोशीतल्या बैलगाड्या, पाळणे, देव्हारे त्याच्या हातचे. आमच्या गावात दारांचं काम नसल्यामुळे बिजागरी दिसली की तो तिच्याकडे परक्या मुलखातल्या पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा. त्याने पट्ट्यांवरचं झाकण काढलं, कुलपासकट. वरचं झाकण काढलं. पुढच्या दोन फळ्यांना बिजागऱ्या नव्हत्या, पण खिट्या होत्या.

"खिटीचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"खिटी म्हंजे कडीच की," बनुबाई म्हणाल्या. त्या सकाळपासून आमच्याकडेच होत्या.

फळ्या गेल्या. पियानो आता उघडाबोडका उभा होता. आतल्या तारा, हातोड्या, सगळं दिसत होतं. दादांनी त्याच्याकडे बघून नजर खाली घातली. पण धीर सोडला नाही. "आवाज वाढंल उलट," ते म्हणाले. "झाकून कशाला वाजवायचं?"

आणि खरंच, त्यांनी पहिली पट्टी दाबायला बोट पुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा! फडक्याशिवाय!

"थांबा दादा," भिमाजी म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून आत बघत होता. "गोरक्षा, जरा हिकडं ये."

गेलो. पट्टी दाबली की मागची लोकरीची हातोडी उठते आणि तारेवर आपटते, अशी पियानोची रचना. आणि ती हातोडी उठते, पडते, ती कशावर? प्रत्येकीच्या बुडाशी हरभऱ्याच्या डाळीएवढी एक बिजागरी!

"हितं बी हाईत," भिमाजी म्हणाला. "पंच्याऐंशी."

मी आवाज शक्य तितका खाली आणला. "भिमाजी, इतकुशा बिजागरीला कोन इचारतंय? डोळ्याला दिसत बी न्हाई!"

"चष्म्याची केवढी हुती?" भिमाजीने विचारलं.

बघा! माझंच वाक्य माघारी वळून मला हुंगत होतं. मी वाद करायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही निघालं नाही.

दादा पाटावर बसले. बाहेरून पुंजारामबाबा देवळाकडे निघाले होते. तिरप्या चष्म्याने त्यांना रस्ता नीट दिसत नव्हता. ते काठीने आमच्या चौकटीला चाचपडत पुढे गेले आणि म्हशीला "राम राम" म्हणाले.

दादांनी ते बघितलं.

"माझ्या पोराच्या येका बोलापायी त्यो मानूस आंधळ्यावानी फिरतोय," ते म्हणाले, "आन् मी हातोड्या राखू व्हय? काढ भिमाजी."

"अवं, पन मग वाजंल कसं?" आई म्हणाली. दोन दिवसांपूर्वी हलकं वाद्य मागणारी आई! तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काढ," दादा म्हणाले.

दुपारपर्यंत पंच्याऐंशी हातोड्या निघाल्या. आईने त्या एका टोपलीत भरून ठेवल्या. लोकर बघून चिमण्या घरात शिरल्या, त्यांना अडवणार कोण, दार नाही! संध्याकाळपर्यंत आमच्या आढ्याला नगरच्या मेसमधल्या लोकरीचं एक घरटं तयार झालं होतं. पट्ट्यांना मात्र बिजागरी नव्हती. त्या तराजूच्या दांडीसारख्या खिळ्यावर तोललेल्या होत्या, म्हणून राहिल्या. दादांनी एक दाबली.

टक्.

दुसरी दाबली. टक्. खालच्या पट्टीतलाही टक् आणि वरच्या पट्टीतलाही टक्. सव्वीस वर्षं पट्ट्या वाजू नयेत म्हणून जपणाऱ्या माणसाला देवाने बरोबर तसाच पियानो दिला होता.

मी रात्रभर तळमळलो, असं लिहायला हवं. पण मला झोप लागली. सकाळी मात्र एक बेत घेऊन उठलो. गुरुवारी मी देवळातली पेटी घरी आणली.

"दादा, साहेब आले की तुमी पट्ट्या दाबा. टक् टक् होऊ द्या. मी ह्याच्या मागं बसतो आन् पेटीवर धून वाजवतो. साहेबाला काय कळतंय?"

दादांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला पेटी खाली ठेवावीशी वाटली.

"गोरक्षा, सव्वीस वरसं वाढलं मी. कधी शिळं ताजं म्हनून वाढलं न्हाई."

"पन दादा..."

"आन् तुज्या पेटीचा भाता," चौकटीतून बनुबाई म्हणाल्या, "त्यो कशाव फिरतो रं?"

मी भाता बघितला. एक बाजू बंद. दुसरी बाजू उघडते, मिटते, उघडते, मिटते. सहा वर्षं मी हातात दार धरून देवापुढे बसत होतो.

भिमाजी आला. पेटीचा भाता गेला. त्या संध्याकाळी मंडळाचं भजन नुसत्या मृदंगावर आणि टाळांवर झालं, आणि सगळे म्हणाले, फार सुंदर झालं. अनेक वर्षांत असं झालं नव्हतं, असंही दोघे-तिघे म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

शुक्रवारी दादांनी चुन्याची डबी घेतली. पियानोसमोर उकिडवे बसून राहिले. एक पट्टी दाबायची, ती कुठे जाते ते बघायचं, मग आत हात घालून तारेजवळच्या लाकडावर चुन्याचं एक बोट लावायचं. मला वाटलं, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने त्यांना दोनदा न मागता चहा दिला.

शनिवार उजाडला. दादांनी पांढरा कोट चढवला, पितळी बटणं चिंचेने घासली. खांद्यावर पिवळं फडकं. मी म्हणालो, "दादा, मी वेशीतच साहेबाला गाठतो, पियानो आजारी हाय म्हनून सांगतो." दादा म्हणाले, "तू आज काय बी सांगू नगं. कुनालाच."

दहाच्या सुमाराला मेजरसाहेब आले. देवाला तेल वाहिलं, दर्शन घेतलं आणि आमच्या घरी आले. चौकटीत थांबले, दार वाजवायची सवय, आणि वाजवायला दारच नाही! मग आत आले. आतलं दृश्य बघून उभेच राहिले. झाकण नाही, फळ्या नाहीत, हातोड्या नाहीत. फासळ्या मोजाव्यात असा पियानो.

"सहादू!" ते म्हणाले. "ये क्या हुआ? इस पर गोला गिरा क्या?"

"नहीं साहब," दादा ताठ उभे राहून म्हणाले. "दरवाज़े थे. निकाल दिए."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी आढ्यातल्या घरट्याकडे बघितलं.

दादांनी फडकं खांद्यावर नीट केलं. पियानोजवळ गेले. पट्ट्यांकडे गेलेच नाहीत! सरळ आत वाकले, दोन्ही हात तारांमध्ये घातले, चुन्याच्या पहिल्या ठिपक्यापाशी नख नेलं, आणि तार छेडली.

टंग...

मग दुसरा ठिपका. मग तिसरा. सुरुवातीला आवाज अडखळत होता, चालायला शिकलेल्या वासरासारखा. पण नंतर पावलं पडत गेली. धून मी आधी कधीच ऐकली नव्हती, तरी ती धून आहे हे मला कळलं. मोठी साधी होती. दादा वाकून, घामाघूम होऊन, एकेक तार अशी छेडत होते की तिला लागू नये. चुलीपाशी आई हातात उलथनं घेऊन उभी होती आणि भाकरी करपत होती. बाहेर पुंजारामबाबा काठी टेकून थांबले. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांना तसंही फारसं दिसत नव्हतंच.

शेवटचा सूर वाजला. दादांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि त्या तारा पुसल्या. एकही सूर न निघू देता.

साहेबांनी पुढे होऊन दादांचा हात हातात घेतला. चुन्याने भरलेला हात. ते म्हणाले, "बहुत खूब, सहादू. बहुत खूब." दादांची मान वर होती. सव्वीस वर्षांत ती मी इतकी वर बघितली नव्हती.

मग साहेबांनी पियानोकडे एकवार बघितलं, तारांकडे बघितलं, दादांच्या नखांकडे बघितलं, आणि फार हळुवारपणे म्हणाले:

"लेकिन भाई, तुम्हें गिटार ही चाहिए थी, तो पहले बोलते! वो तो अभी वहीं पड़ी है."

पुढच्या बुधवारी छावणीची जीप आली आणि गिटार ठेवून गेली. पुंजारामबाबांना बोलावलं, आता आम्ही विचारल्याशिवाय घरात चमचाही आणत नाही. बाबांनी गिटार मांडीवर घेतली. हाताने चाचपली. तारांखालून मधल्या गोल भोकात बोटं घालून बघितली, आत फिरवली. दार नाही, कुलूप नाही, खिटी नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"हे खरं आपल्या गावचं वाद्य!" ते म्हणाले. "घर हाय, चौकट हाय, आन् दार न्हाई. हे आधीच का न्हाई आनलं रं?"

कोणी माझं नाव घेतलं नाही. घराण्याचे संस्कार.

"आन् गोरक्षा," बाबा पुढे म्हणाले, "मी त्या दिशी निस्तं कुलूप काढा म्हनलो हुतो. बाकीचं सगळं तूच काढलंस बग."

"व्हय बाबा."

बाबा उठायला लागले. उठताना त्यांचा हात जमिनीवर ठेवलेल्या एका वस्तूला लागला. गिटार ज्यातून आली होती, ती काळी पेटी.

"आन् ही पेटी?" त्यांनी दोऱ्याचा चष्मा सारखा केला. "हिला बिजागरी हाय का रं? मला आता नीट दिसत न्हाई. तूच बगून सांग. वाद्यांतलं तुलाच सगळं कळतं."

पेटीला तीन पितळी बिजागऱ्या होत्या, दोन खिट्या आणि मध्ये एक कुलूप. दादा माझ्याकडे बघत होते. आई बघत होती. चौकटीत बनुबाई बघत होत्या. ह्या वेळी म्हैससुद्धा बघत होती.

"बाबा," मी म्हणालो, "वाद्यांतलं मला काय बी कळत न्हाई."